सरळ रेषांची वाकडी राज्ये

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा भिंतीवर टांगलेला पाहिला, म्हणजे एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. अटलांटिक महासागराच्या बाजूची राज्ये आपल्याकडच्या तालुक्यांसारखी वेडीवाकडी आहेत. नदी वळली की हद्द वळते, डोंगराची सोंड आली की हद्द तिच्यावर चढते. पण मिसिसिपी ओलांडून पश्चिमेला जावे तसतशी हद्द सरळ होऊ लागते. कोलोरॅडो आणि वायोमिंग या दोन राज्यांपाशी तर शाळकरी पोराने पट्टी ठेवून काढावेत तसे दोन आयत, एकावर एक, जरासे सरकवून मांडलेले दिसतात.

या व्याख्यानमालेच्या चालकांनी कामगार संघटनेतल्या माणसाला इतिहासावर बोलायला उभे केले, तेव्हा त्यांच्या मनात गिरण्यांच्या संपांचा इतिहास असावा. तो विषय मी अगदीच सोडलेला नाही, हे पुढे दिसेल. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात जास्त झाले; नकाशे पाहण्याचा नाद तिथलाच. नकाशात सरळ रेषा दिसली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा, की ही रेषा जमिनीवर नेली कोणी? कागदावर ती ओढायला एक कारकून आणि एक पट्टी पुरते. रानातून, दरीतून, वाळवंटातून ती न्यायला माणसांचे तांडे लागतात. आणि नेता नेता ती वाकडी झाली, तर खरी कोणती मानायची, कागदावरची की जमिनीवरची? या प्रश्नावर अमेरिकेत आजवर भांडणे चालत आली आहेत, आणि त्यांत माणसांचे पाणी, पोट आणि एके काळी तर त्यांचे माणूसपणही गुंतलेले होते.

प्रथम कागद पाहू. २८ फेब्रुवारी १८६१ रोजी अमेरिकन काँग्रेसच्या कायद्याने कोलोरॅडोचा प्रदेश निर्माण झाला. पूर्ण राज्याचा दर्जा त्याला १८७६ साली मिळाला. त्या कायद्यात हद्दी सांगताना एकाही नदीचे वा डोंगराचे नाव घेतलेले नाही. दक्षिणेला ३७ अंशांचे अक्षवृत्त, उत्तरेला ४१ अंशांचे. पूर्वेला वॉशिंग्टनच्या पश्चिमेस २५ अंशांचे रेखावृत्त, पश्चिमेला ३२ अंशांचे. संपले काम! रॉकी पर्वताचा कणा या चौकटीच्या मधोमध जातो. त्याच्या एका अंगाचे पाणी अटलांटिककडे जाते, दुसऱ्या अंगाचे पॅसिफिककडे. पण कायद्याला त्याची दादफिर्याद नाही.

वॉशिंग्टनच्या पश्चिमेस, हे शब्द ध्यानात ठेवावेत. १८५० साली अमेरिकनांनी ठरवले, की दर्यावर्दी लोकांनी ग्रीनिचपासून मोजावे, पण आकाशाच्या वेधांसाठी आपली राजधानी हेच मूळ धरावे. इंग्रजांपासून सुटलेल्या राष्ट्राचा तो स्वाभिमान होता, आणि १९१२ पर्यंत तो कायद्यात टिकला. म्हणून आजच्या ग्रीनिचच्या हिशेबाने कोलोरॅडोची पूर्व हद्द सरळ १०२ अंशांवर न येता १०२ अंश ३ कलांच्या आसपास येते. स्वाभिमानापोटी हद्द दोन-अडीच मैल सरकली.

शिवाय हा आयत आयत नाहीच. पृथ्वी वाटोळी, रेखावृत्ते उत्तरेकडे जाताना एकमेकांजवळ येतात. त्यामुळे कोलोरॅडोची वरची बाजू खालच्या बाजूपेक्षा सुमारे २१ मैलांनी आखूड आहे. ही चूक देवाची म्हणा. माणसांच्या चुका पुढेच आहेत, आणि त्या जास्त शिकवणाऱ्या आहेत.

रेषा जमिनीवर नेण्याचे हत्यार म्हणजे साखळी. एडमंड गुंटर या इंग्रज गणित्याने सतराव्या शतकात ६६ फुटांची, १०० कड्यांची साखळी प्रचारात आणली. ८० साखळ्या म्हणजे एक मैल, दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर. आपल्याकडे इंग्रजांनी १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून जी नवी जमाबंदी सुरू केली, त्या मोजणीतली साखळी याच्या बरोबर निम्मी, ३३ फुटांची, आणि तिचे भाग आण्यांचे, सोळा. तिचा एक चौरस म्हणजे आपला गुंठा. ज्या मापाने पुणे जिल्ह्यातल्या कुणब्याचा सारा ठरला, त्याच मापाच्या दुपटीने अमेरिकेची माळराने चौकोनांत कापली गेली. १७८५ च्या वटहुकुमाप्रमाणे सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा एक गट, त्याचे ३६ तुकडे, प्रत्येक तुकडा ६४० एकरांचा, आणि सोळावा तुकडा शाळेसाठी राखलेला. हे राखणे मात्र मला फार आवडले.

साखळीला कड्या असतात, आणि कड्या झिजतात. प्रत्येक कडी केसभर झिजली तरी साखळी लांबते, आणि लांबलेल्या साखळीने मोजलेला मैल मैलापेक्षा मोठा भरतो. उन्हात लोखंड वाढते, थंडीत आकसते. चढावर साखळी आडवी धरायची असते. दमलेला माणूस ती उताराबरोबर धरतो. दिशा होकायंत्राने पाहावी, तर लोहाचे खडक काटा फिरवतात. ताऱ्यांवरून पाहावी, तर यंत्र उभे करायला ओळंबा हवा, आणि मोठ्या पर्वताजवळ ओळंबासुद्धा पर्वताकडे ओढला जातो. हे शेवटचे कळले त्यात आपल्या देशाचा वाटा आहे. विल्यम लॅम्टनने दक्षिणेत सुरू केलेली त्रिकोणांची महामोजणी एव्हरेस्टने हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली, तेव्हा त्रिकोणांचा हिशेब आणि ताऱ्यांचा हिशेब यांत सुमारे पाच विकलांचा फरक पडला. कलकत्त्याच्या प्रॅट नावाच्या धर्मगुरूने १८५५ च्या सुमारास त्याचे गणित मांडले, ते पर्वताच्या ओढीचे. लॅम्टन १८२३ साली मोजणी करता करता वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथे आहे. त्या गावच्या गिरणीकामगारांत कामानिमित्त जाणाऱ्यांपैकी किती जणांनी ती पाहिली असेल कोण जाणे.

आणि सर्वांत मोठी झीज कड्यांची नव्हे, मजुरीच्या पद्धतीची. अमेरिकन सरकार जमीन मोजून घेई ती ठेक्याने, मैलाला अमुक डॉलर या दराने. ज्याने उक्ते काम पाहिले आहे त्याला पुढचे सांगायला नको. नगावर मजुरी ठेवली की नग वाढतात आणि दर्जा पडतो. इथे नग म्हणजे मैल. कॅलिफोर्नियात बेन्सन नावाच्या ठेकेदाराच्या टोळीने तर कित्येक मोजण्या कचेरीत बसून केल्या. न पाहिलेल्या टेकड्या, न ओलांडलेले ओढे वहीत लिहिले आणि पैसे उचलले. ठेकेदारी बंद करून पगारी मोजणीदार ठेवायला सरकारला १९१० साल उजाडावे लागले.

काम नीट करायचे म्हटले तर काय लागते, हे पाहायला शंभर वर्षे मागे, अटलांटिकच्या बाजूला जाऊ. पेनसिल्व्हानिया पेन घराण्याची, मेरिलँड कॅल्व्हर्ट घराण्याची. दोघांच्या राजसनदा एकमेकींवर चढलेल्या. ऐंशी वर्षे खटले आणि मारामाऱ्या. शेवटी १७६३ साली दोघांनी मिळून इंग्लंडहून दोन माणसे आणली. चार्ल्स मेसन ग्रीनिच वेधशाळेतला साहाय्यक, भटारखाना चालवणाऱ्याचा मुलगा; जेरेमाया डिक्सन डरहॅम परगण्यातला, कोळशाच्या खाणवाल्याच्या घरचा. त्यांना काम दिले ते असे, की फिलाडेल्फिया शहराच्या अगदी दक्षिण टोकाच्या पंधरा मैल खाली जे अक्षवृत्त येते, त्याने पश्चिमेकडे जायचे.

अक्षवृत्त म्हणजे सरळ रेषा नव्हे, हे इथे कळते. सरळ नजरेने पश्चिमेकडे चालत गेलात तर अक्षवृत्त तुमच्यापासून उत्तरेकडे वळत राहते. म्हणून ते ठराविक अंतर नेमक्या दिशेने सरळ जात, मग थांबून रात्री तारे पाहत, किती चुकलो ते काढत आणि मागच्या वाटेवर दुरुस्तीच्या खुणा करत. पुढे कुऱ्हाडवाले, आठ-नऊ यार्ड रुंदीची पट्टी जंगलातून तोडत जाणारे. मागे साखळीवाले, खुंट्या ठोकणारे, तंबू आणि यंत्रे वाहणारे. एके काळी तांड्यात शंभरावर माणसे होती. नाव मात्र दोघांचे राहिले. दर मैलाला इंग्लंडहून जहाजाने आणलेला चुनखडीचा दगड, एका अंगाला 'एम', दुसऱ्या अंगाला 'पी'. दर पाच मैलांनी दोन्ही घराण्यांची चिन्हे कोरलेला मोठा दगड. १७६७ च्या ऑक्टोबरात हे लोक एका रानवाटेशी आले. ती इरोक्वॉय लोकांची लढाईची वाट होती. बरोबर आलेल्या इरोक्वॉय वाटाड्यांनी पुढे यायला नकार दिला आणि रेषा २३३ मैलांवर थांबली. दोन घराण्यांच्या सनदांना जे जमले नव्हते ते या वाटाड्यांच्या नकाराने केले; रेषेचा शेवट त्यांनी ठरवला.

दोन जमीनदारांच्या भांडणातून निघालेल्या या रेषेला पुढे जो अर्थ आला, तो मेसन-डिक्सनच्या स्वप्नातही नसेल. पेनसिल्व्हानियाने १७८० साली गुलामगिरी हळूहळू बंद करण्याचा कायदा केला. मेरिलँडने केला नाही. तेव्हापासून दगडाच्या 'एम' बाजूला जो माणूस मालकाची मालमत्ता, तो 'पी' बाजूला निदान आशा धरू शकणारा माणूस झाला. हॅरिएट टबमन ही मेरिलँडमधली गुलाम स्त्री १८४९ साली पळाली आणि पेनसिल्व्हानियाची हद्द ओलांडून मोकळी झाली. नंतर ती पुन्हा पुन्हा मागे गेली आणि आपली माणसे घेऊन आली. १८५० च्या कायद्याने मालकांना हद्दीच्या पलीकडे जाऊनही माणसे धरून आणण्याची जास्तीची मुभा दिली, तेव्हा त्या दगडांचा आसराही डळमळला. म्हणून तो कायदा उत्तरेकडच्या लोकांना इतका झोंबला.

आता कोलोरॅडोकडे परत येऊ. तिथे असली चैन नव्हती; शंभर माणसे आणि चार वर्षे कोण देणार? दक्षिणेची हद्द, ३७ अंशांची, १८६८ साली डार्लिंग या मोजणीदाराने आखली. ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको यांच्यामधली हद्द रॉबिन्सने १८७५ साली आखली, आणि चार प्रदेशांचे कोपरे जिथे एकत्र येतात तिथे दगड बसवला. तिथून उत्तरेला यूटा आणि कोलोरॅडो यांच्यामधली रेषा रीव्ह्जने १८७८-७९ मध्ये ओढली. पावणेतीनशे मैलांचा हा रस्ता दऱ्याखोऱ्यांचा आणि तांबड्या खडकांचा आहे. रीव्ह्ज उत्तर टोकाला वायोमिंगच्या हद्दीशी पोचला, तेव्हा जिथे निघायला हवा होता त्याच्या सुमारे एक मैल पश्चिमेला निघाला! पुढे इतरांनी तपासले, तेव्हा चूक दोन ठिकाणी झालेली सापडली. अवघड मुलखात आठ-दहा मैलांच्या टप्प्यांत रेषा सरकली होती. मोठ्या नकाशावर ती वाकणे आजही डोळ्यांना दिसतात. चार कोपऱ्यांचा दगडही कायद्यातल्या जागेपासून सुमारे १८०० फूट पूर्वेला आहे. मोजणीच्या खुणा एकेक जोडत गेले तर कोलोरॅडोला चार बाजू नसून ६९७ बाजू आहेत, अशी मोजदाद कोणी हौशी माणसाने केली आहे. आपल्याकडच्या एखाद्या शेताचा बांध असा निघाला असता तर भाऊबंदकी पिढ्यान्‌पिढ्या चालली असती.

तिथेही चाललीच. डार्लिंगची रेषा ३७ अंशांपासून इकडेतिकडे भटकते असे दिसून आल्यावर १९०२-०३ मध्ये कार्पेंटर नावाच्या मोजणीदाराने नव्या यंत्रांनी ती पुन्हा आखली. त्याचे काम चोख होते. काँग्रेसने ही नवी रेषा मान्य करण्याचा ठराव केला, पण अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०८ साली तो अडवला. मग न्यू मेक्सिकोने १९१९ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. कोलोरॅडो म्हणे कार्पेंटरची रेषा खरी, कारण ती कायद्यातल्या अक्षवृत्तावर आहे. न्यू मेक्सिको म्हणे डार्लिंगची, कारण तिच्यावर लोक राहिले. १९२५ साली न्यायालयाने निकाल दिला तो डार्लिंगच्या बाजूने. जी रेषा जमिनीवर आखली गेली, जिच्या खुणा रोवल्या, जी सरकारांनी मानली आणि जिच्यावर माणसांनी इतकी वर्षे आपले व्यवहार चालवले, ती नंतर चुकलेली दिसली तरी तीच हद्द, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. कागद हरला, झिजलेल्या साखळीने मोजणारा, दमलेला मोजणीदार जिंकला.

हा निकाल वाचून मला पहिल्यांदा समाधान वाटले, हे लपवीत नाही. पण समाधान पुरते टिकत नाही. कारण दगड मुळात कोणी, कोणाला विचारून रोवला, हे तो निकाल विचारत नाही. चार कोपऱ्यांच्या दगडाभोवतालची जमीन नॅवाहो आणि यूट लोकांची आहे. चारही राज्ये तिथे नंतर आली. आणि ३७ अंशांच्या रेषेने आणखी एक गोष्ट केली, ती आपल्या लोकांना समजावून सांगावी लागणार नाही. सॅन लुई नावाचे खोरे आहे. न्यू मेक्सिकोतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांनी १८५१ साली तिथे गाव वसवले आणि पुढच्याच वर्षी सगळ्यांनी मिळून पाटाचे पाणी आणले. कोलोरॅडोतला पाण्याचा सर्वांत जुना हक्क तो हाच. ही माणसे भाषेने, सोयरिकीने न्यू मेक्सिकोची. पण कॅन्ससची दक्षिण हद्द ३७ वर होती, तीच पट्टीने पुढे ओढायची ठरली, आणि १८६१ च्या एका सकाळी ही खेडी कोलोरॅडोत गेली. राज्य इंग्रजी बोलणाऱ्यांचे, सोन्याच्या खाणीवाल्यांचे. कॅसिमिरो बारेला हा त्यांचा पुढारी १८७६ च्या घटनासमितीत भांडला, आणि १९०० सालापर्यंत राज्याचे कायदे स्पॅनिशमध्येही छापावे, असे कलम पदरात पाडून घेतले. पंचवीस वर्षांची मुदत, पुढे काही नाही. बेळगाव-निपाणीकडच्या सभांतून सरकारी कागद मराठीतून मिळावेत म्हणून आजही जे ठराव होतात, त्यांच्या शेजारी हे कलम ठेवून वाचावे. १९५६ सालच्या पुनर्रचनेने आपली गावे तिकडे गेली, ती अक्षवृत्ताने नव्हे. आपण निदान खेडे हा घटक धरा असे म्हणू शकतो. सॅन लुईच्या लोकांना म्हणायला जागाच नव्हती. आकड्याशी काय वाद घालणार?

पूर्वेकडच्या हद्दीची गोष्ट कामगारांची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९०२ साली कोलोरॅडोच्या मतदारांनी खाणीतल्या आणि भट्टीतल्या कामाचे आठ तास करावेत असा कौल मोठ्या बहुमताने दिला. विधिमंडळाने कायदा न करताच अधिवेशन गुंडाळले. १९०३ साली पश्चिमेच्या खाणकामगार संघटनेने संप केला. गव्हर्नर पीबॉडीने लष्करी शिपाई आणले. ६ जून १९०४ रोजी क्रिपल क्रीक भागातल्या इंडिपेंडन्स स्टेशनवर स्फोट होऊन तेरा बिनसंघटित कामगार मेले. तो कोणी केला यावर आजही वाद आहे. त्या मृत्यूंबद्दल हळहळ वाटल्यावाचून राहत नाही. पण नंतर झाले ते न्यायाने झाले नाही. संघटनेच्या माणसांना घरांतून धरून, खटल्यावाचून आगगाडीत भरले आणि राज्याच्या हद्दीवर नेऊन सोडले. काही कॅन्ससच्या हद्दीवर, उघड्या माळावर, काही न्यू मेक्सिकोत. ज्या माळावर त्यांना उतरवले, तिथे ना नदी ना टेकडी. हद्द आहे हे गार्डाने सांगितले म्हणून कळायचे. वॉशिंग्टनच्या पश्चिमेस पंचवीस अंश! त्या अंशाच्या या बाजूला माणसाचे घर, बायकामुले, कामाचे हत्यार; त्या बाजूला तो परका.

अशा गोष्टी जुन्या झाल्या असे कोणी समजू नये. उत्तर आणि दक्षिण कॅरोलायना यांच्यामधली हद्द अठराव्या शतकात झाडांवर खुणा करून आखली होती. झाडे गेली, खुणा गेल्या, लोक अंदाजाने राहू लागले. दोन्ही राज्यांनी वीसेक वर्षे जुने कागद धुंडाळून रेषा पुन्हा शोधली, आणि १ जानेवारी २०१७ पासून १९ घरे जागची न हलता दुसऱ्या राज्यात गेली. एक पेट्रोल पंपही गेला, आणि तिकडचा कर जास्त म्हणून त्याचा धंदा धोक्यात आला. इथे मात्र राज्यांनी कागदाच्या बाजूने कौल दिला, पण रहिवाशांच्या शाळा, कर यांची सोय लावणारे कायदे आधी करून. भांडणाशिवायही हे होऊ शकते.

जॉर्जिया आणि टेनेसी यांचे तसे नाही. त्यांच्यामधली हद्द ३५ अंशांची. १८१८ साली जेम्स कॅमॅक या गणिताच्या प्राध्यापकाने ती आखली. हाती जहाजावर वापरतात तसला सेक्स्टंट आणि जुनी कोष्टके. खूण पडली ती सुमारे एक मैल दक्षिणेला. दोनशे वर्षांपूर्वी त्या रानात एका मैलाची किंमत काय होती? पण त्या मैलाच्या पट्ट्यात टेनेसी नदीचे एक वळण येते. अटलांटा शहर वाढले, २००७ चा दुष्काळ पडला, आणि जॉर्जियाला कॅमॅकची चूक आठवली. २००८ साली विधिमंडळात ठराव झाला, २०१३ साली पुन्हा झाला: फार नको, नदीपर्यंत पोचेल एवढी चिंचोळी पट्टी द्या, बाकीची हद्द आम्ही सोडतो. टेनेसीने १९२५ च्या निकालासारख्या निकालांकडे बोट दाखवले आणि नकार दिला. कृष्णेच्या आणि गोदावरीच्या पाण्यावर तीन-तीन राज्यांची भांडणे पाहिलेल्या श्रोत्यांना दोन्ही बाजूंचे म्हणणे तोंडपाठ असेल. तूर्त ते वळण टेनेसीतच आहे, जॉर्जियाच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर.